दक्षिणेचं पान

"मूळचे कुठले?" हा प्रश्न मला आयुष्यात इतक्यांदा विचारला गेलाय, की तो कानावर पडायच्या आधीच माझं उत्तर तयार असायचं. विचारणाऱ्याला गाव नको असतं, जात हवी असते, हे मला शाळेत असल्यापासून ठाऊक. आमच्या घरानं छप्पन साली धम्म घेतला. त्यामुळे मी एकदाच काय ते सांगून टाकायचो, "जालन्याचा. बौद्ध आहे. आणखी काही?" मग समोरचा माणूस घाईघाईनं पाऊसपाण्याबद्दल बोलू लागायचा आणि त्याची रिकामी खोली नेमकी आदल्या दिवशी कोणाला तरी दिलेली असायची.

बहात्तरच्या दुष्काळात मंठ्याजवळच्या एका खेड्यात मास्तर म्हणून माझी नेमणूक झाली. दोन दिवस मी खोली शोधत हिंडत होतो. तिसऱ्या दिवशी गावाच्या पार टोकाला एका दारात एक उंच, काटकुळा, चाळिशीचा माणूस उभा दिसला. हातात एक चप्पल होती आणि तिची शिवण तो उन्हात धरून न्याहाळत होता. चप्पल त्याची नव्हती. खडी फोडायला आलेला एक मजूर एका पायावर उभा राहून ती परत मिळायची वाट बघत होता.

"मूळचे कुठले?" त्यानं चपलेवरची नजर न काढता मला विचारलं. मी माझं ठरलेलं उत्तर फेकलं.

"ते झालं हो. जालन्याला कुठून आल्ते?"

हे पुढचं कोणी कधी विचारलंच नव्हतं.

"आजा कुठला? आज्याचा बाप?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

"न्हाई माहीत? बिलकुल न्हाई?" त्याचा चेहरा असा उजळला की जणू मी त्याचा हरवलेला बैल आणून दिला. "या, या, आत या! आम्हाला बी न्हाई माहीत!"

अशी मला खोली मिळाली. मी त्यांना मालक म्हणायचो, ते मला गुर्जी. हा प्रश्न विचारून ज्याला खरोखर गावच हवं होतं असा माझ्या आयुष्यातला तो पहिला माणूस.

मालकांचं घराणं त्या गावात किती पिढ्या नांदत होतं कोणास ठाऊक, पण गाव अजून त्यांच्या घराला 'आल्त्यांचं घर' म्हणायचं. कुठून तरी आल्ते, म्हणून आल्ते. पोळ्याला त्यांचे बैल मिरवणुकीत सगळ्यांच्या शेवटी, कारण विचारलं तर "तुम्ही मागून आल्ते" हे उत्तर. सोयरीक जमवायला बसलं की समोरची मंडळी विचारणार, मूळ गाव कोणतं, आणि यांच्याकडचे सगळे एकमेकांकडे बघणार. मालकांनी या दुखण्यावर भलतंच औषध काढलं होतं. ते ज्याला त्याला तोच प्रश्न विचारत सुटले. एसटीच्या कंडक्टरला, कल्हईवाल्याला, अस्वल घेऊन आलेल्या माणसाला. आणि अस्वलाबद्दलही. गावानं त्यांचं नाव 'कुठलेराव' ठेवलं होतं आणि त्यांना ते आवडायचं.

नुसतं विचारून ते थांबत नसत, पारखतही असत. "माणूस खोटं बोलतो गुर्जी, भाकरी खोटं बोलत न्हाई," हे त्यांचं लाडकं वाक्य. भाकरी थापायची कशी, मोडायची कशी, विळ्याला मूठ कशी, पागोट्याचा शेव कुठल्या कानावर, यावरून ते माणसाचा मुलूख सांगायचे आणि बहुतेक वेळा सपशेल चुकायचे. आमचे हेडमास्तर भाकरी डाव्या हातानं मोडतात, तेव्हा ते पक्के खानदेशी, असं त्यांनी चारचौघांत जाहीर केलं. हेडमास्तर पिढ्यान्‌पिढ्या परतूरचे. कडबा तोडताना लहानपणी उजव्या हाताची दोन बोटं गेली होती, म्हणून डावा हात. मी हे मालकांना सांगितलं तर म्हणाले, "बोटं गेली म्हणून खानदेश जात न्हाई." त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे मला तेव्हा कळलं.

पण हा सगळा खटाटोप ज्याच्यासाठी होता, ती गोष्ट त्यांनी मला पहिल्याच हिवाळ्यात दाखवली.

मार्गशीर्षातली अवस होती. अवसेला आमच्याकडे कोणी शुभ काम काढत नाही. पण आल्त्यांच्या घरात पहाटेपासून चूल धडधडत होती. दुपारी सगळं घर डोक्यावर पाट्या घेऊन शेताकडे निघालं आणि मलाही ओढून नेलं. शेतात कडब्याची एक छोटी कोप, म्हणजे खोपटी, केलेली, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, पाच पांडव म्हणून मांडलेले. त्यांच्यापुढे नैवेद्य. एरवी म्हणे चार पालेभाज्यांची मिळून भज्जी, शेंगदाण्याच्या पोळ्या, मडकंभर आंबील, खीर. त्या साली शेतात काडी नव्हती. रेशनच्या लाल मिलो ज्वारीचे उंडे, म्हणजे वाफवलेले गोळे, कुठून तरी मागून आणलेलं ताक, बस.

मग मालकांचे वडील उठले. त्यांना सगळं गाव बाबा म्हणायचं. ऐंशीच्या घरातले, नजर अधू झालेली, आणि मुलगा जितका बोलका तितका बाप मुका. त्यांनी कोपीच्या बाहेर, दक्षिणेच्या बाजूला, थोडं लांब, एक पान मांडलं. त्यावर सगळं वाढलं, आणि उंडे मात्र दुप्पट. दुष्काळात, घरातली पोरं त्या उंड्यांकडे टक लावून बघत असताना, दुप्पट. ते पान वाढल्याशिवाय घरातलं कोणी तोंडात घास घातला नाही.

बांधावरून जाणारा एक जण ओरडला, "बाबा, माणसं सरकारच्या सुकडीवर जगून राह्यली आन् तुम्ही कावळ्याला जेवू घालता!" बाबा पान सारखं करून आपल्या जागी येऊन बसले.

"हे कोणाचं पान?" मी मालकांना हळूच विचारलं.

"तेच तर शोधून राह्यलो!"

मालकांचा तर्क असा. दक्षिण ही यमाची दिशा, तेव्हा पान पितराचं. उंडे दुप्पट, तेव्हा पितर दणकट. दणकट म्हणजे लढवय्या. आणि लढवय्या म्हणजे देवगिरीकडचाच! हा तर्क त्यांनी इतक्या वर्षांत इतका घोटला होता की त्यात शंकेला फट राहिली नव्हती. ते सगळे किल्ले पालथे घालून आले होते. एकदा उन्हाळ्यात मलाही दौलताबादला घेऊन गेले. तिथल्या वाटाड्यानं तोफेची माहिती सांगायला सुरुवात केली, तर मालक त्यालाच विचारत बसले, मूळचे कुठले. तोफ राहिली बाजूला. येताना मालकांना ऊन लागलं आणि मी त्यांच्या डोक्यावर ओलं फडकं धरून एसटीत बसलो.

ही गंमत नव्हती, हे मला एकदा बाबांनी बोलून दाखवलं. एका संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. बाबा आपणहून बोलले, हीच मोठी गोष्ट. "गुर्जी, माझा बाप वाढायचा म्हून मी वाढतो. त्याला बी नाव ठावं नव्हतं. माझ्यामागं हा वाढील. पर ह्याची पोरं? नाव नसलेलं पान पोरं किती दिवस वाढतील?" आत मालकांनी ते ऐकलं असावं. बाहेर येऊन म्हणाले, "बाबा, तुम्ही हात जोडून सांगा देवाला, थोडं थांब म्हणावं. नाव आणून देतो." त्या दिवसापासून त्यांचा शोध जास्तच जोरात सुरू झाला.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. मालक जगाला मूळ विचारायचे, पण अवसेच्या पानाबद्दल परक्या माणसाला अवाक्षर बोलायचे नाहीत. "खूण आहे ती घराण्याची. सांगितली तर कोणी बी उठंल आन् म्हणंल, मी तुमचा भाऊबंद." घरातल्या सगळ्यांना ताकीद होती. मला मात्र द्यायची विसरले.

मालकांना एक बैल आणायचा होता म्हणून आम्ही शहागडला गेलो. बैल घेतला. मालक गोदावरीच्या काठावर एका वाळूवाल्याच्या टोपलीची वीण तपासत होते आणि मी दावं हातात धरून हायवेवरच्या हॉटेलात चहा पीत होतो. शेजारी एक ट्रकचा ड्रायव्हर बसलेला. लातूरकडून तूरडाळ घेऊन औरंगाबादला खाली करून परत निघालेला. बोलता बोलता मी हसत म्हणालो, "आमच्या मालकांची एकेक तऱ्हा. अवसेला माणसं देवळात जातात, हे शेतात कोप घालून पाच दगडांपुढं पंगत मांडतात."

ड्रायव्हर बशीतला चहा फुंकत म्हणाला, "त्यात काय नवल, सर? येळवस हाय ती, येळ अमावस. आमच्या औशाकडं त्या दिवशी गावात माणूस सापडत न्हाई. झाडून सगळे शेतात."

मी हाक मारली नाही, बोंब मारली. मालक टोपलीसकट धावत आले. ड्रायव्हरनं तेच परत सांगितलं. कोप? कोप. पाच दगड? पाच. आंबील? अहो, आंबिलीशिवाय कसली येळवस! मालकांचा हात ड्रायव्हरच्या खांद्यावर पडला तो निघेचना. "औसा? दक्षिणेला? म्हंजे आम्ही उत्तरेकडून न्हाई, दक्षिणेकडून आल्तो? गुर्जी! सारी जिंदगी मी उलट्या दिशेला चालून राह्यलो!" आणि ते खदाखदा हसायला लागले. हसता हसता ते ट्रकच्या केबिनमध्ये चढले. ट्रक सुरू झाला. मालकांनी खिडकीतून हात हलवला आणि गेले.

बैल माझ्या हातात.

शहागड ते आमचं गाव मी बैलाबरोबर चालत आलो, वाटेत मुक्काम करत. पॅन्ट-शर्टातला मास्तर बैल ओढत चाललाय हे बघून प्रत्येक गावात लोक विचारायचे, मूळचे कुठले? मी विचारायचो, "मी की बैल?"

मालक बऱ्याच दिवसांनी परतले, ते पडलेल्या चेहऱ्यानं. मुलूख सापडला होता, पण घर नाही. "घरोघर कोप, घरोघर आंबील, गुर्जी. तीच भज्जी, तेच उंडे. मला तर वाटलं सगळाच मुलूख माझा भाऊबंद हाय. पर बाहेरचं पान? कुठंच न्हाई. विचारलं की हसतेत." आता त्यांनी खूण सगळीकडे सांगितली होती, गुपित उरलं नव्हतं. ड्रायव्हरही चौकशी करत राहिला. आमच्या बाजूला फेरी आली की वाकडी वाट करून घरी येऊन जायचा. तोही या वेडात सामील झाला होता. खरं सांगायचं तर मीही. मूळ शोधायची हौस ज्यांचं मूळ सोयीचं असतं त्यांनी करावी, असं माझं मत होतं. पण ट्रकचा हॉर्न वाजला की मी पोरांना पाढे म्हणायला लावून घराकडे धूम ठोकायचो.

आणि एक दिवस, दिवाळीच्या सुमाराला, ट्रक दारात थांबला तो ड्रायव्हर ओरडतच उतरला, "सापडलं! औशाच्या पलीकडं एक घर हाय. कोपीच्या बाहेर पान वाढतेत!"

मालक ताटावरून उठले. "दक्षिणेला?"

"न्हाई. उत्तरेला."

मालक मटकन खाली बसले. "मंग आपलं न्हाई ते. पितराचं पान कोणी उत्तरेला वाढतं का? गेलं. सगळं गेलं." डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. ड्रायव्हर बिचारा चप्पल घालायला वळला.

चुलीपुढे मालकीणबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी थापता थापताच विचारलं, "आवं, पर औशाच्या उत्तरेला कोण ऱ्हातं?"

"कोण ऱ्हातं?" मालक वैतागून म्हणाले.

"आपण!"

मग मालक अंगणात गेले. दक्षिणेला तोंड करून उभे राहिले. गर्रकन वळून उत्तरेला तोंड केलं. परत दक्षिणेला. "ते इकडं वाढून राह्यले," ते म्हणाले, "आन् आपण तिकडं. पितराचं न्हाई! जित्या माणसाचं पान हाय! जित्या माणसाचं!" आणि त्या उंच, काटकुळ्या माणसानं अंगणात अशा उड्या मारल्या की दावणीचे बैल बिचकले. आत बाजेवर बाबा "काय झालं, काय झालं" विचारत राहिले. तव्यावरची भाकरी करपली. मालकीणबाई पदरानं डोळे पुसत होत्या आणि धुराला शिव्या देत होत्या.

दुसऱ्याच दिवशी त्याच ट्रकनं मालक आणि मी निघालो. शाळेला दिवाळीची सुट्टी होती, नसती तरी मी गेलो असतो. औशाच्या पलीकडच्या त्या घरात पन्नाशीचा, रुंद छातीचा, मिशाळ माणूस भेटला. मालकांनी वाटेत मला शंभरदा बजावलं होतं, आपण आधी काही सांगायचं नाही, त्यांना बोलू द्यायचं. नुसतं विचारलं, "पाव्हणं, येळवशीला ते बाहेरचं पान कोणाचं?"

"धाकल्याचं," तो माणूस सहज म्हणाला.

"कोण धाकला?"

"आमच्यातला धाकला भाऊ. लई जुनी गोष्ट. दुष्काळ पडला, शेतात दोघांचं भागंना. थोरला जमीन धरून बसला, धाकला बैल घेऊन गोदागंगंच्या पल्याड गेला उत्तरेला. येळवशीला येतो म्हणला. आलाच न्हाई. तवापून त्याचं पान वाढायचं. आंबील वाटीत न्हाई वाढत आम्ही त्याला, मडकंच ठेवतो. लांबून चालत येणारा माणूस, वाटीनं तहान भागत नसती."

मालक माझा हात घट्ट धरून म्हणाले, "आम्ही उंडे दुप्पट वाढतो." तो मिशाळ माणूस बघत राहिला. "दुप्पट," मालक परत म्हणाले. "इकडं दुष्काळात मागं राह्यलेला भाऊ उपाशी असंल म्हून. मला वाटलं लढवय्या व्हता!"

त्या घरातली सगळी माणसं बाहेर आली. कोणी कोणाच्या पाया पडतंय, कोणी रडतंय, पोरं उगाच ओरडतायत, आणि त्या गदारोळात मालकांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. ते त्या माणसाला दंडाला धरून विचारत होते, "मंग, आपण मूळचे कुठले?"

"इथलेच की."

"हां, पर त्याच्या आधी? इथं कुठून आल्ते?"

मी त्यांना चिमटा काढला.

आम्ही ट्रकनंच परत निघालो. गोदावरी ओलांडल्यावर मालक म्हणाले, "गुर्जी, आता तुमचं राह्यलं. तुमचं बी शोधू." मी म्हणालो, "मालक, आमच्यासाठी कोणी पान वाढून ठेवलं असेल असं मला वाटत नाही. आमच्या आज्याला कोणी पंगतीलाच बसू दिलं नव्हतं." ते म्हणाले, "बराबर हाय तुमचं. मंग ह्या येळवशीला तुम्ही माझ्याबरोबर वाढायला." आणि त्या अवसेला त्यांनी खरंच माझ्या हातात आंबिलीचं मडकं दिलं. गाव बघत होतं, आणि गावाला ते आवडलं नव्हतं.

गाव बघत होतं, कारण त्या दिवशी औशाकडचा पाव्हणा येणार होता. आपल्या घरची येळवस मुलांवर सोपवून तो आदल्या दिवशी निघाला होता. त्या साली जोंधळा कमरेच्या वर उभा होता. बाबांना बाजेसकट उचलून शेतात आणलं होतं. त्यांना आता जवळजवळ काहीच दिसत नव्हतं, पण पान मीच मांडणार हा हट्ट कायम. त्यांनी चाचपडत दक्षिणेला पान मांडलं, मालकीणबाईंनी वाढलं, उंडे दुप्पट. बांधावर अर्धं गाव गोळा झालेलं. त्यात कावळ्याबद्दल बोललेला तो माणूसही होता.

ट्रक वेशीवर थांबला. पाव्हणा वाटेनं आला, जोड्यातून पाय काढले, हातपाय धुतले. मालकांनी त्याला कोपीकडे नेलं नाही, थेट त्या पानावर नेऊन बसवलं. इतक्या पिढ्या रिकामं राहिलेलं पान, त्यावर माणूस बसला. मालक पळत बाबांकडे आले आणि त्यांच्या कानाशी ओरडले, "बाबा, नाव आणून देतो म्हणलं व्हतं ना? माणूसच आणला! थोरल्याच्या घरचा!"

बाबांनी हात पुढे केला. पाव्हणा त्यांच्याहून तीसेक वर्षांनी लहान असेल. तो लगबगीनं उठून पाया पडायला वाकला, तर बाबांनी त्याला खांद्याला धरून अडवलं. थोरल्या पातीचा माणूस वयानं कितीही लहान असला तरी थोरलाच, आणि आपण धाकटे, हे ते विसरले नव्हते. त्यांनी चाचपडत त्याच्या तोंडावरून हात फिरवला, मिशांवरून, कपाळावरून. मग वाकून स्वतःच त्याच्या पायांना हात लावला आणि त्याला परत पानावर बसवलं.

"दादा," बाबा म्हणाले, "लई उशीर केलास. जेव आता, कव्हाचं वाढून ठेवलंय."